नागपूरच्या उन्हाळ्यात स्कूटीवरून ऑफिसला जाताना रोज जीन्स घालावी का? वर आणि पायात काय घालावं?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की नोकरीचा पहिलाच उन्हाळा आहे, रोज स्कूटीने जाणं-येणं, जीन्सशिवाय चैन पडत नाही, आणि आई मागे लागलीय की जीन्स सोड, कॉटनची लेगिंग आणि कुर्ता घाल. वयाने लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

जीन्स घाल. आईचं कुर्त्याबद्दल बरोबर आहे, लेगिंगबद्दल साफ चूक. ‘कॉटन लेगिंग’ म्हणून दुकानात जे मिळतं त्यात लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असतंच, नाहीतर ती पायाला अशी चिकटून बसली नसती. उन्हाळ्यात कातडीला चिकटून बसलेलं कापड म्हणजे घामाला वाळायला जागाच नाही. जीन्स गरम होते हे लोक ज्या जीन्सबद्दल बोलतात ती जीन्स मुळात लेगिंगच असते, वरून निळा रंग दिलेली.

हे मी हवेत बोलत नाहीये. मी बरीच वर्षं जीन्स शिवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटीला होते. शिवून, धुऊन आलेल्या पँटी टेबलावर उलट्या-सुलट्या करायच्या, सुटलेले दोरे, डाग, तिरकी शिलाई, कमरेचं माप बघायचं आणि पास किंवा अल्टर, म्हणजे दुरुस्तीला परत, असं वेगळं करायचं. तुझ्या हातात कुठलीही जीन्स असेल तर ती उलटी करून बघ. बाहेरून निळी, आतून पांढुरकी दिसते. उभा धागा इंडिगोत बुडवलेला असतो आणि आडवा धागा न रंगवलेला. विणच अशी तिरकी की उभा धागा बहुतेक वर राहतो आणि आडवा आतल्या बाजूला. म्हणजे तुझ्या पायाला दिवसभर लागतो तो आडवा धागा. लायक्रा घालतात ते बहुतेक या आडव्या धाग्यात, आणि स्वस्तातल्या मालात त्याच्या जोडीला पॉलिस्टरही. बाहेरून हात लावलास तर सुती वाटेल, आत पायाला मात्र प्लॅस्टिक घासतंय. साहेब लोकांना हे सगळं माहीत असतं.

साहेबांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, कारण तुझा प्रश्न वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.

एकदा मे महिन्यात मुंबईहून एक मर्चंडायझर साहेब, म्हणजे कुठला माल काढायचा ते ठरवणारे, आले होते, लेडीज समर रेंजची सँपलं घेऊन. बायकांचं मत पाहिजे म्हणून आम्हा क्वालिटीच्या तिघी-चौघींना केबिनमध्ये बोलावलं. एसीत बसून समर रेंज बघणं चाललेलं, बाहेर पारा 45 ला टेकलेला. सँपल दिसायला छान होतं, खोटं बोलणार नाही. पण हातात घेतलं आणि आडवं ताणलं तर रबरासारखं लांबलं. मी म्हटलं, “साहेब, हे इथे कोणी मे महिन्यात घालून दाखवावं. आणि खिसा कुठाय?” ते म्हणाले, “मॅडम, लेडीज कस्टमरला फिट लागतो. खिसा कोण बघतं? पर्स असते ना.”

आता आमच्याकडची पद्धत तुला माहीतच असेल. ऊन लागू नये म्हणून घराबाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात. त्यात विज्ञान किती ते डॉक्टरांना विचार. सासूबाई दारात कांदा घेऊन उभ्या असतील तर आपण मुकाट्याने खिशात टाकतो. त्या दिवशीही होता माझ्याकडे. मी तो काढला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “हा मावतो का बघा.” साहेबांना आधी कळेना. मग मीच सँपलच्या पुढच्या खिशात घालायला गेले. अर्धाच गेला. वरचं अर्धं बाहेर, खिशाचं तोंड आ वासलेलं, आणि कांद्याचं एक साल सुटून त्या काचेच्या टेबलावर पडलं. सगळे हसले, साहेबही हसले. म्हणाले, “आता काय कांद्याच्या मापाने जीन्स काढायची?” मी म्हटलं, “काहून नाही? जेन्ट्सची काढताच की.”

हे उगाच तोंडाला आलं म्हणून बोलले नव्हते. त्याच आठवड्यात शेजारच्या लाइनवर पुरुषांची ऑर्डर चालू होती. तीच मशीन, तोच ऑपरेटर, तेच खिशाचं पांढरं कापड. पुरुषांच्या पँटीला खिशाची पिशवी पार हाताच्या पंजाएवढी, बायकांच्या पँटीला चार बोटं. मोठ्या खिशासाठी मी मागितलेलं जादा कापड म्हणजे दर पँटला रुमालाएवढंसुद्धा नव्हतं. त्यावर साहेबांचं शेवटचं उत्तर काय, तर “बायका मागतच नाहीत.” कुठे मागायचं? दुकानाच्या रॅकवर सगळ्या स्ट्रेचच लटकवायच्या, मग स्ट्रेचच विकल्या जातात, मग आकडे काढून म्हणायचं बघा बायकांना स्ट्रेचच आवडतं. रेंज होती तशीच गेली.

आणि जीन्सवाल्यांनी खिशाला हसावं हा तर कमालच प्रकार. 1873 साली जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना अमेरिकेत जे पेटंट मिळालं ते कापडाचं नव्हतं, निळ्या रंगाचं नव्हतं, फिटचं तर नव्हतंच. खिशाच्या तोंडाशी धातूचे रिव्हेट ठोकून खिसा उसवू द्यायचा नाही, याचं होतं. अख्ख्या धंद्याचा पाया खिसा आहे. त्या दिवशी केबिनमध्ये हे सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते.

कांदा ज्या जीन्सच्या खिशातून निघाला तीही सांगण्यासारखी आहे. 1995 च्या सुमारास अरविंद मिल्स या डेनिमच्या कंपनीने ‘रफ अँड टफ’ नावाचं पाकीट काढलं होतं. आत डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट सगळं, किंमत 200 रुपयांच्या आसपास, शिलाई आपल्या शिंप्याकडे. भावासाठी आणलेलं पाकीट मी पळवलं. आमचा शिंपी जेन्ट्सचा. त्याला बायकांची जीन्स कशी असते हे माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याने खोल खिसे, सैल मांड्या, सरळ पाय अशी शिवून दिली. शंभर टक्के सुती. कॉलेजभर घातली, नोकरीतही घातली, गुडघ्याला विरली तेव्हा रफू केली. नागपूरच्या उन्हाळ्यात तिच्याइतका आराम मला दुसऱ्या कशात मिळाला नाही. का, ते सांगते. आपल्याकडे दुपारची हवा अंगापेक्षा गरम असते. स्कूटीवर ती झळ सरळ मांडीवर बसते. तिथे पातळ सलवार फडफडत राहते आणि ऊन आरपार लागतं. जाड सुती डेनिममधून ऊन येत नाही, आणि सैल असली की आत हवा खेळते. आपण तोंडाला ओढणी आणि अंगात सनकोट कशासाठी घालतो? त्याचसाठी. पाय काय परके आहेत?

तर दुकानात गेलीस की आधी आतल्या शिलाईतला लेबल वाच. 100 टक्के कॉटन असेल तर उत्तम. 1 टक्का इलास्टेन (म्हणजे लायक्राच) असेल आणि बाकी सगळं कॉटन असेल तर चालेल, बसायला-उठायला बरं पडतं. पॉलिस्टर दिसलं की परत ठेव. कापडाचं वजन औंसांत मोजतात. 8 ते 10 औंसाचं उन्हाळ्याला ठीक, 13-14 औंसाची भारी जीन्स हिवाळ्यात घाल. औंस लेबलवर सहसा नसतो, म्हणून एकेरी कापड चिमटीत धरून बघ, दोन-तीन जीन्स लागोपाठ धरल्यास की बोटांना फरक कळतो. लेबलवर विश्वास नसेल तर घरी आतल्या शिलाईच्या कडेला कापडाचाच एक पांढरा दोरा ओढून, शिलाईचा नव्हे, त्याला काडी लाव. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. लेडीज सेक्शनमध्ये मनासारखी मिळाली नाही तर सरळ जेन्ट्सच्या रॅककडे जा. सेल्समन बघतो तर बघू दे.

पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग जाणारच, उलटी करून वेगळी धू आणि सावलीत वाळव. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हे कोणी सांगितलं तर हो म्हण आणि मीठ वाचव. तोवर वर पांढरा कुर्ता घालू नकोस. वर काय घालायचं यात मी फार पडत नाही. सुती, सैल, कोपरापर्यंत बाही. मलमल असेल तर सोन्याहून पिवळं.

आता पायात. इथे मला शाळेत शिकवल्यासारखं बोलावं लागणार, कारण दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहून माझ्या टाचा गेल्या. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा रुतायचा. डॉक्टर म्हणाले, तळव्याखालचा पट्टा सुजलाय, सपाट चपला बंद, घरातही अनवाणी नको. म्हणून सांगते, ती बेली नावाची वस्तू, पुढून बंद असलेली सपाट चप्पल, घेऊच नकोस. तळ पुठ्ठ्याचा, मधे कमानीला आधार शून्य, आणि मे महिन्याच्या डांबरावर सिग्नलला पाय टेकलास की चटका सरळ आत.

कोल्हापुरीवर माझा जीव आहे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, उन्हात पाय गार राहतो, सुरुवातीला चावते पण तेल लावून वापरलीस की पायाच्या आकाराची होते. 2019 मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. 2025 च्या जूनमध्ये प्रादा या इटलीच्या महागड्या ब्रँडने मिलानच्या रॅम्पवर तशीच सँडल आणली तेव्हा सगळ्या देशाला एकदम तिची आठवण झाली. त्यातल्या निम्म्यांनी कारागिराकडे पन्नास रुपयांसाठी घासाघीस केलेली असणार. असो. पण स्कूटीवर ती घालू नकोस. मागे पट्टा नाही, पाय खाली टेकताना निसटते. शिवाय तळ सपाट, म्हणजे दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला नाहीच. लग्नाला घाल, संध्याकाळी फिरायला घाल.

रोजच्याला मागे पट्टा असलेली सँडल किंवा फ्लोटर घे. दुकानात हातात धरून वाकव. बोटांच्या मुळाशी वाकली पाहिजे, मधोमध दुमडली तर नको. दोन्ही टोकं धरून पीळ दे. फडक्यासारखी पिळली गेली तरी नको. टाच पुढच्या भागापेक्षा थोडीशी उंच बरी. आणि खरेदीला संध्याकाळी जा, उन्हाळ्यात तोवर पाय सुजतात, सकाळी बरोबर बसलेली सहा वाजता चावते. पांढरे स्नीकर सध्या सगळ्याच घालतात, छान दिसतात, पण सुती मोजे घाल आणि दोन जोड आलटून-पालटून वापर, नाहीतर ऑफिसात बूट काढायची सोय राहणार नाही.

हे सगळं नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याचं सांगितलंय. उद्या मुंबईला बदली झाली तर माझं हे उत्तर विसर. तिथे घाम वाळत नाही, जीन्स ओली होऊन बसते, तिथे पातळ सुती पँटच बरी. मांडीला खाज, चट्टे येत असतील तर जीन्स काय, कुठलंच घट्ट कापड नको, आणि मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावू नकोस. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, नायटा तेवढ्यापुरता दबतो आणि मग पसरतो. कातडीच्या डॉक्टरला दाखव. टाच दुखायला लागली असेल तरी नुसती चप्पल बदलून भागेल असं धरून चालू नकोस.

जेन्ट्सची जीन्स घेतलीस तर मांडीला बरोबर बसली की कंबर ढगळ होईल. सीताबर्डीत कुठल्याही अल्टरवाल्याकडे कमी करून मिळेल. फक्त त्याला सांग, मागच्या मधल्या शिलाईतून घे, बाजूच्या नाही. त्याला बाजूने घेणं सोपं पडतं, म्हणून तो आधी तेच करायला बघेल. बाजूने घेतली की पुढचे खिसे मागे सरकतात आणि तोंडं आवळली जातात.