नसांचे दुखणे आणि नोकरी सोडण्याची वेळ

प्रश्न : मी ५१ वर्षांचा असून चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक आहे. नोकरी १९९८ पासूनची. मधुमेहाला चौदा वर्षे झाली. गेली पाच वर्षे दोन्ही तळव्यांची निखाऱ्यावर ठेवल्यासारखी आग होते आणि रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. डॉक्टरांनी नसांचे दुखणे असल्याचे सांगून प्रीगाबालिन दिले. त्याने झोप लागते, पण सकाळी डोके जड असते आणि तशाच अवस्थेत मोटारसायकलने २२ किलोमीटर जावे लागते. वर्गात उभे राहवत नाही, मुलांवर उगाच चिडतो. पत्नी म्हणते, राजीनामा देऊन मोकळे व्हा. मोठे भाऊ म्हणतात, जखम नाही, सूज नाही, मग एवढे काय झाले? मुलगी जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काम थांबवण्याची वेळ आली, हे कसे ओळखावे?

उत्तर : गुरुजी, सर्वांत आधी एक विनंती करतो : राजीनामा लिहू नका. तुम्हाला लागू असलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनामा दिला की मागील सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही. वीस वर्षांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झालेल्या कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर मात्र त्याचा निवृत्तिवेतनाचा हक्क शाबूत राहतो. नोकरी दोन्ही वाटांनी सुटते, पण एका वाटेने गेल्यास सत्तावीस वर्षांच्या सेवेवर पाणी सोडावे लागते. त्रासाच्या एखाद्या सकाळी रागाने लिहिलेल्या दोन ओळींचे मोल मुलीच्या शिक्षणाला मोजावे लागू नये, म्हणून हे आधी सांगितले.

भावांच्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. मधुमेहात सर्वांत लांब चेतातंतूंना आधी इजा होते, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो. इजा झालेला तंतू काहीही लागलेले नसताना वेदनेचे संदेश मेंदूकडे पाठवत राहतो. हे क्ष-किरणात दिसत नाही, आणि नसांची नेहमीची विद्युत तपासणी जाड तंतूंची असल्यामुळे वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंचा बिघाड तिच्यात निसटू शकतो. तुमचे दुखणे खरे आहे आणि त्यासाठी घरात कोणाला पुरावा देत बसण्याची गरज नाही.

नोकरीचा निर्णय घेण्याआधी उपचार पूर्ण झाले आहेत का, हे पाहायला हवे, आणि तुमच्या पत्रावरून ते मला अपुरे वाटतात. तुम्ही मेटफॉर्मिन घेत असाल, तर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण दीर्घकाळ घेतल्यास ते औषध बी-१२ कमी करते आणि ही कमतरता स्वतःच नसांना इजा करते. सकाळच्या जडपणासाठी प्रीगाबालिनची मात्रा किंवा रात्रीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन असे पर्यायही आहेत, मात्र योग्य मात्रेवर काही आठवडे गेल्याखेरीज त्यांचा गुण कळत नाही. कोणतेही औषध स्वतःहून एकदम बंद करू नका. या दुखण्यात वेदना निम्म्यावर आली तरी औषध चांगले लागू पडले असे मानतात. ती पूर्ण जाईल या आशेवर निर्णय लांबवू नये, आणि पूर्ण गेली नाही म्हणून उपचारही सोडू नयेत.

आता मूळ प्रश्न. काम दुखणे वाढवते की दुखणे आपल्या चालीने चालले आहे आणि काम केवळ त्याच्या वाटेत येते, हे वेगळे काढल्याशिवाय उत्तर सापडत नाही. नोकरी सोडली म्हणजे आग थांबेल, असे मनोमन धरून अनेकजण घरी बसतात. मग आग तशीच राहते आणि तिच्यावरून लक्ष हटवणारे मुलांचे आवाज मात्र गेलेले असतात. शिक्षकाला हे पारखण्याची सोय दरवर्षी आपोआप मिळते, ती म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. मागच्या वर्षी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) शाळा उघडेपर्यंत पाय कसे होते, ते आठवा, पत्नीलाही विचारा. सुट्टीतही रात्री तशाच गेल्या असतील, तर निवृत्तीने दुखणे कमी होईल असे मानू नका. सुट्टीत स्पष्ट उतार पडला आणि शाळा सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत सारे पूर्ववत झाले असेल, तर कामात काहीतरी बदलले पाहिजे, एवढे निश्चित. आठवत नसेल, तर वैद्यकीय प्रमाणपत्रावर सहा आठवड्यांची परिवर्तित रजा घ्या, म्हणजे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची घालून मिळणारा पूर्ण पगारी रजेचा एक दिवस. अर्धवेतनी रजा दर वर्षी २० दिवस जमा होते आणि इतक्या वर्षांत ती बहुधा शिल्लक असेल. त्या काळात रोज रात्री एकच ओळ लिहा : झोप किती, वेदना दहापैकी किती, दिवसभर काय केले.

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आग होणाऱ्या पायांना चटका कळतोच असे नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या अंगणात किंवा गच्चीवर अनवाणी चार पावले टाकली, तरी तळव्याला फोड येऊन तो दोन दिवस लक्षात येत नाही. अनवाणी चालू नका, शेकण्यासाठी पाय गरम पाण्यात बुडवू नका आणि रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहा.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात शिकवण्याविषयी तक्रार नाही, तक्रार आहे ती उभे राहण्याची आणि प्रवासाची. म्हणून माझे मत असे की काम थांबवण्याची वेळ अजून आलेली नाही, कामाचा आकार बदलण्याची आली आहे. मोटारसायकल मात्र आजच थांबवा. औषधाची गुंगी आणि मागचा ब्रेक दाबणारा बधिर पाय एकत्र येणे धोक्याचे आहे, तुम्हाला आणि रस्त्यावरच्या दुसऱ्यालाही. एसटीने किंवा सहकाऱ्यासोबत जा, बसून शिकवण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे लेखी मागा आणि घराजवळच्या शाळेसाठी अर्ज करा. पायांतील शक्ती किंवा तोल कमी झाला असेल, तर दिव्यांगत्वाची तपासणी करून घ्या. केवळ वेदनेवर प्रमाणपत्र मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही. तो त्या पदाला योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही यात येतात.

एवढे करूनही सहा महिन्यांनी रविवारचा सगळा दिवस केवळ सोमवारसाठी शक्ती जमवण्यात जात असेल, पायावर नकळत जखमा होत असतील किंवा चिडचिड मुलांपर्यंत पोहोचतच राहिली, तर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस द्या, आणि ती देताना मान खाली घालू नका. त्याआधी कार्यालयाकडून निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरणाचा लेखी हिशेब घ्या आणि तो पत्नी व मुलीसमोर ठेवा. दरम्यान सगळे निरर्थक वाटू लागले, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. अपुरी झोप आणि सततची वेदना मनालाही आजारी करतात.

प्रश्न : माझे पती रावेर भागात केळीचे घड वाहण्याचे काम करतात. कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. हजेरी बुडते म्हणून ते थांबत नाहीत. किती दिवस चालवून घ्यावे?

उत्तर : ताई, पाऊल वर उचलता येत नसेल, लघवी अडत किंवा नकळत होत असेल, बसण्याची जागा बधिर झाली असेल, तर एक दिवसही थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, कारण उशीर झाल्यास हे नुकसान कायमचे राहू शकते. यांपैकी काही नसेल, तर अशी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. तोवर अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही, चालते-फिरते राहणे चांगले, पण घड उचलणे बंद ठेवावे. मुकादमाला सांगून घड धुण्याचे, निवडण्याचे किंवा खोक्यात भरण्याचे काम मागा. त्याची मजुरी कमी असली, तरी हजेरी पूर्ण बुडण्यापेक्षा ती बरी. दीड महिन्यात उतार पडला नाही, तर कमरेची तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत घडाला हात लावू देऊ नका.