अर्धवट सुटलेली पदवी ऑनलाइन पूर्ण करताना

नाशिकच्या सातपूरमधल्या नोकरीच्या शिफ्ट सांभाळून बीकॉम पूर्ण करायचंय ना, मग कर. मीही नोकरी करतच केलं.

आधी जुन्या कॉलेजातून सगळ्या गुणपत्रिका, टीसी आणि मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला) काढ. मी प्रवेश आधी घेतला नि मायग्रेशनसाठी नंतर हेलपाटे घातले.

मग क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला तुझा खाते क्रमांक) काढ, तुझे क्रेडिट तिथे जमा दिसतात का बघ. ते जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. पण दिसले म्हणजे मिळालेच असं नाही. किती धरायचे हे नवं विद्यापीठ ठरवतं, म्हणून फी भरण्याआधी लेखी उत्तर घे. बहुतेक जण इथेच फसतात. ‘होऊन जाईल हो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नकोस.

- यूजीसी-डीईबीच्या (यूजीसीचा दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाला मान्यता देणारा विभाग) यादीत विद्यापीठ आणि कोर्स दोन्ही तपास. प्रवेशासाठी डीईबी आयडीही (त्या विभागाच्या पोर्टलवर विद्यार्थ्याला मिळणारा क्रमांक) लागेल.
- ऑनलाइन आणि दूरस्थ हे वेगळे प्रकार. गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासूनचं, तिथेही प्रत्यक्ष जाऊन विचार.

पहिल्या सेमिस्टरला रोज एकच तास ठरव. स्पेशलायझेशनचं नंतर बघू.