'चर्चेअंती मंजूर', मग चर्चा गेली कुठे?

प्रश्न: मी एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाच्या इतिहासावर पीएचडी करतेय. अभिलेखागारात तीन आठवडे बसून विभागाच्या बैठकांची सगळी इतिवृत्तं वाचली, हाती काय लागलं तर 'चर्चेअंती ठराव मंजूर'. नेमणुकांच्या फायली बंद, बाकीचे बॉक्स कुठल्या क्रमाने लावलेत तेही कळेना. विषयवार लावून ठेवायला काय जातं यांचं?

उत्तर: विषयवार लावलं तर नुकसान तुमचंच आहे हो. फ्रान्समध्ये १८४१ साली परिपत्रक निघालं की ज्या कार्यालयाचे कागद ते एकत्रच ठेवायचे, दुसऱ्यांच्यात मिसळायचे नाहीत, आणि पुढे मूळ क्रमही मोडायचा नाही हे त्याला जोडलं गेलं. कारण कुठला कागद कशाच्या मागे लावला होता हीसुद्धा माहितीच असते. त्यामुळे विषय नाही, तेव्हा ते काम कोणाच्या टेबलावर होतं ते शोधा. शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र १९२९ पर्यंत समाजशास्त्राच्याच विभागात होतं, म्हणजे त्याआधीचं मानववंशशास्त्र 'मानववंशशास्त्र' लिहिलेल्या बॉक्समध्ये शोधत बसलात तर दिवस फुकट.

आता इतिवृत्त. तो भांडण मिटल्यावर लिहिलेला कागद, त्यात भांडण कसं सापडणार? विषयपत्रिकेसोबतचे जोडकागद मागा, विभागप्रमुखाचा पत्रव्यवहार मागा आणि मुख्य म्हणजे डीन ऑफिसच्या फायली मागा, त्या बहुतेक वेळा वेगळ्या यादीत असतात म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही. विभागाकडे असते पत्राची कार्बन कॉपी, पातळ कागदावरची, शेरा-बिरा काही नसलेली. मूळ पत्र गेलेलं असतं डीनकडे आणि त्याच्या समासात पेन्सिलीने कुणीतरी 'यंदा नको' असं खरडलेलं असतं, खाली नुसती आद्याक्षरं. तुमची चर्चा ती! दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. बजेटच्या मागण्याही सोडू नका, दिसायला रुक्ष, पण विभागाने दोन अध्यापक मागितले आणि मिळाला एक टायपिस्ट, यात धोरण काय होतं ते कळतं.

बंद फायलींचं म्हणाल तर त्यात गोपनीय शिफारसपत्रं, विद्यार्थ्यांचे मार्क, हयात माणसांच्या तक्रारी असतात, त्या बंद असणं मला तरी योग्यच वाटतं. पण कधीकधी चार फायलींपायी अख्खा बॉक्स बंद असतो. तेव्हा लेखी विचारा, बंदी कुठल्या सालापर्यंत आहे आणि त्या चार काढून बाकीचा बॉक्स बघायला मिळेल का.

आणि हो, गंजलेली टाचणी दिसली तर स्वतः उपसू नका, कागद फाटतो. तिथल्या कर्मचाऱ्यांना हाक मारा, आणि टाचणीत कुठले कागद एकत्र होते ते वहीत टिपून घ्या.