ध्येय एकच असूनही संघटनेत गट का पडतात?

मतभेदांमुळे गट पडतात हे अर्धंच खरं आहे. मतभेद कुठे नसतात? पण निर्णय कोण घेणार, अध्यक्ष कोण होणार, ठराव कोण लिहिणार, या प्रश्नांवर एका बाजूला आपली दारं बंद झालेली दिसली की गट पक्के होतात.

काँग्रेसचं १९०७ चं सुरत अधिवेशन बघा. जहाल आणि मवाळ दोघांनाही स्वराज्य हवं होतं. अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं, ते मवाळांनी सुरतेला हलवलं. अध्यक्षपदी त्यांनी रासबिहारी घोष यांना पुढे केलं. शिवाय आदल्या वर्षी कलकत्त्यात संमत झालेले स्वदेशी-बहिष्काराचे ठराव पातळ होणार, अशी जहालांना धास्ती होती. टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, त्यांना परवानगी नाकारली, ते हलेनात. मग जोडा भिरकावला गेला, खुर्च्या फेकल्या गेल्या आणि काँग्रेस फुटली. पुन्हा एकत्र यायला १९१६ चं लखनौ उजाडलं.

म्हणून माझं ठाम मत आहे, गट असण्याला घाबरू नये. हरलेल्या बाजूला बोलायची जागा आणि पुढच्या वेळी जिंकायची खरी संधी आहे का, हे आधी बघावं. सरकारांनाही हेच लागू पडतं. नाराज मंत्र्याचं बैठकीत कुणी ऐकलं नाही, तर तो बाहेर जाऊन बोलतो.