रनिंग बॅकची गुणवत्ता ऑफेन्सिव्ह लाइनपासून वेगळी कशी जोखावी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये धावून मिळवलेल्या केवळ एकूण यार्डांवरून रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, जोखणे अन्यायाचे आहे, कारण पहिला बचावपटू अंगाला भिडण्यापूर्वीचे यार्ड बव्हंशी ऑफेन्सिव्ह लाइनने (बचावपटूंना अडवणाऱ्या पुढच्या फळीने) मोकळ्या केलेल्या वाटेमुळे मिळतात, तर त्यानंतरचे त्याच्या स्वतःच्या ताकदीवर. सेक्वॉन बार्कलीचेच पाहा: २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून त्याची सरासरी दर धावेमागे ३.९ यार्ड होती; २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या भक्कम लाइनमागे ती ५.८ झाली आणि नियमित हंगामात त्याने २,००५ यार्ड मिळवले. खेळाडू तोच होता. तरीही भिडण्यापूर्वीचे सगळे श्रेय लाइनला देणे मला पटत नाही. लाइनचे ब्लॉक (बचावपटूंची अडवणूक) जमेपर्यंत क्षणभर दम धरून नेमकी फट हेरणे हे बॅकचेच कसब आहे. म्हणून त्याच लाइनमागे धावणाऱ्या संघातील दुसऱ्या बॅकशीही त्याची तुलना अवश्य करावी.