पाच जणांचं कुटुंब, धाकटा अडीच वर्षांचा: क्रूझ कुठल्या कंपनीची घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरहून तुम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, अडीच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण. सासूबाई कांदा-लसूण न खाणाऱ्या. दसऱ्याच्या सुट्टीत क्रूझवर जायचं आहे. मुंबई-गोव्याची कॉर्डेलिया, सिंगापूरची रॉयल कॅरिबियन, तिथलीच डिस्नी आणि दुबईची एमएससी यांपैकी मुलांसाठी कुठली चांगली?

यंदा कॉर्डेलिया घ्या, दोन किंवा तीन रात्रींची. सिंगापूर एक-दोन वर्षं पुढे ढकला. याला कारण तुमच्या धाकट्याचं वय.

मी बेळगावला टिळकवाडीत राहते. आमचंही घर असंच, दोन मुलं आणि सासूबाई. गोव्याहून कॉर्डेलिया आणि नंतर सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन असा दोन्ही अनुभव आम्ही घेतलाय. डिस्नी आणि एमएससीवर मी गेलेले नाही. त्यांचं मी नियम आणि हिशोब बघून सांगते.

आधी वयाचं. मोठ्या जहाजांची जाहिरात बघितली की पहिल्यांदा दिसतो तो मुलांचा क्लब. मुलं दिवसभर तिथे रमतील, आपण निवांत बसू, असं प्रत्येक आईला वाटतं. पण रॉयल कॅरिबियनच्या अ‍ॅडव्हेंचर ओशन क्लबात मूल एकटं ठेवायचं तर त्याला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि डायपर सुटलेला हवा. दोन्ही अटी पक्क्या आहेत. तिथले कर्मचारी डायपर बदलत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण त्याचे तासाप्रमाणे वेगळे पैसे. डिस्नीचाही मोफत क्लब तिसऱ्या वर्षापासूनच, त्याखाली पैसे देऊन पाळणाघर. डायपर घातलेल्या मुलाला मोठ्या पोहण्याच्या तलावातही उतरू देत नाहीत, पोहायचा खास डायपर असला तरीसुद्धा. म्हणजे सिंगापूरपर्यंतचं विमानभाडं भरून, डॉलरमध्ये तिकीट काढून तुमचा धाकटा तुमच्या कडेवरच. तोच मुलगा साडेतीन वर्षांचा झाला की त्याच पैशात त्याला क्लब, तलाव, सगळं खुलं होईल.

क्लब एरवी फार चांगला चालवतात, ते मी मोकळ्या मनाने सांगेन. जहाजावर चढतानाच मुलाच्या मनगटाला पट्टा बांधतात. आणीबाणीत आपण जहाजावर कुठे जमायचं त्या जागेचा क्रमांक त्यावर असतो. मूल क्लबात असताना भोंगा वाजला तर तिथले लोकच त्याला थेट त्या जागेवर घेऊन येतात. आईबापांनी गर्दीतून उलटं क्लबाकडे धावायचं नसतं. ही व्यवस्था समजून घेतली तेव्हा कुठे माझ्या जिवाला घोर राहिला नाही. जहाज सुटण्याआधीची सुरक्षेची कवायत कुठल्याही कंपनीत चुकवू नका, आणि लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आधीच मागून घ्या.

आता लेकीचं. नऊ वर्षांच्या मुलीला क्लबापेक्षा खेळ हवे असतात, आणि तिथे वय नाही, उंची मोजतात. रॉयल कॅरिबियनच्या फ्लोरायडरवर, म्हणजे कृत्रिम लाटांच्या उतारावर, पोटावर झोपून खेळायला ५२ इंच उंची लागते आणि फळीवर उभं राहायला ५८ इंच. घरच्या भिंतीला पाठ लावून तिची उंची आत्ताच मोजा. चार फूट चार इंच नसेल तर तिला आधीच सांगून ठेवा. रांगेत उभं राहून, पट्टीखाली मोजून परत पाठवलेलं मूल सगळा दिवस हिरमुसलेलं असतं. सिंगापूरहून कुठलं जहाज सुटणार हेही हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून कंपनीच्या नावावर न जाता जहाजाचं नाव विचारा आणि त्या जहाजावर काय आहे ते बघा.

कॉर्डेलियाचं एम्प्रेस जहाज मुळात रॉयल कॅरिबियनचंच. १९९० साली बांधलेलं; कॉर्डेलियाने २०२१ पासून आपल्याकडे चालवायला घेतलं. एम्प्रेस साधारण ४८ हजार टनांचं, तर सिंगापूरला येऊन गेलेली स्पेक्ट्रम किंवा अँथमसारखी जहाजं १ लाख ६८-६९ हजार टनांची. तेव्हा एम्प्रेसवर खोल्या लहान, बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि मुलांचे खेळही मोजकेच. चढायची भिंत आहे, तलाव आहे, मुलांची खोली आहे, संध्याकाळी कार्यक्रम असतात. दोन रात्रींना ते पुरतं. पाच रात्री तिथे काढायच्या म्हटलं तर तुमची लेक तिसऱ्या दिवशी कंटाळेल, म्हणून मी दोन-तीनच्या पुढे जाऊ नका म्हणते. लहान जहाजाचा एक फायदा मात्र आईलाच कळतो: धाकट्याला झोप आली की कुठूनही पाच मिनिटांत खोलीवर पोचता येतं. सिंगापूरच्या जहाजावर जेवणघर एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला असली की झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चालणं म्हणजे मोठी पायपीट.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी कॉर्डेलियावर नाही. शाकाहारी आहे, जैन आहे, आणि बुकिंग करतानाच जैन जेवण लिहून दिलं की कांदा-लसणाचा प्रश्नच मिटतो. आमच्या सासूबाईंना तिथे वरण-भात आणि ताक मिळालं आणि त्या दिवसापासून त्यांना जहाज आवडलं. सिंगापूरला रॉयल कॅरिबियनवर भारतीय पदार्थ असतात, शाकाहारीही मिळतं, पण रोज वेटरला समजावून सांगावं लागतं. शुद्ध शाकाहारी म्हाताऱ्या माणसाला घेऊन पुढे सिंगापूरला जाल तेव्हा गेंटिंग ड्रीम या जहाजाचीही चौकशी करा. भारतीय प्रवासी त्यावर भरपूर असतात आणि शाकाहारी, जैन जेवणाची तिथे सवय आहे. घरचा डबा मात्र कुठेच आत नेऊ देत नाहीत. दशम्या, कुंदा वाटेत संपवा. बाळाचं खाणं आणि बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो का, ते कंपनीला विचारून घ्या.

आता पैशाचं, कारण पाच जणांच्या कुटुंबाची खरी अडचण इथे आहे आणि एजंट ती आपणहून सांगत नाहीत. जहाजावरची खोली बहुतेक चार जणांची असते. कडेवरचं मूलही त्यात पूर्ण एक माणूस धरतात, कारण जीवरक्षक नौकांमधल्या जागा माणशी मोजलेल्या असतात. ‘मॅडम, छोटा तुमच्याजवळच झोपेल’ हे हॉटेलात चालतं, जहाजावर चालत नाही. म्हणजे तुम्हाला बहुतेक दोन खोल्या घ्याव्या लागणार.

कुणाला कुठे झोपवायचं यावर बिल ठरतं. प्रत्येक खोलीत पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला सवलत. समजा पूर्ण भाडं १०० रुपये. मुलं दोन्ही तुमच्या खोलीत आणि सासूबाई एकट्या, असं केलं तर तुमचे २००, दोन मुलांचं सवलतीचं भाडं, आणि सासूबाईंचे एकटीचे जवळजवळ २००, कारण एकट्या माणसाकडून बहुतेक कंपन्या दुसऱ्या खाटेचेही पैसे घेतात. त्याऐवजी लेकीला आजीजवळ झोपवा. मग तुमचे २००, धाकट्याचं सवलतीचं, आणि आजी-नातीचे मिळून २००. एका मुलाचं भाडं वाचलं, आणि आजीला रात्री सोबत झाली. दोन खोल्या मधल्या दाराने जोडलेल्या किंवा निदान शेजारच्या मागा. हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं, नंतर मिळत नाही.

‘मुलं मोफत’ ही जाहिरातही याच हिशोबात बसवून बघा. एमएससी बऱ्याच सफरींवर १८ वर्षांखालच्या मुलांचं भाडं घेत नाही, नुसतं बंदरशुल्क घेते. ऐकायला फार छान वाटतं. पण मूल दोन मोठ्यांच्या खोलीत तिसरं किंवा चौथं असलं तरच ती सवलत. लेक आजीजवळ गेली की तिला पूर्ण भाडं, आणि दोन्ही मुलं तुमच्याजवळ ठेवली तर आजीला एकटीचं दुप्पट. पाच जणांना फायदा म्हणाल तर जवळपास काही नाही. चार जणांच्या कुटुंबाला मात्र एमएससी खरोखर स्वस्त पडते. शिवाय त्यांची दुबईची जहाजं हिवाळ्यातली, साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची आणि एप्रिल-मेची. दोन्ही त्यात बसत नाहीत.

डिस्नीचं सिंगापूरचं जहाज २०२६चं, नवंकोरं आणि प्रचंड. तीन-चार रात्री ते समुद्रातच फिरतं, मध्ये कुठल्या बंदराला लागत नाही. मुलांसाठी सगळं जहाजावरच. भाडं बाकीच्यांपेक्षा जास्त. लेकीला डिस्नीचं वेड असेल आणि धाकटा चार वर्षांचा झाला असेल तेव्हा विचार करा. सासूबाईंना त्यात फारसं काही नाही.

तिकिटाच्या वरचे खर्च विचारायला विसरू नका. रॉयल कॅरिबियन कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी आपोआप बिलाला लावते, माणशी रोज १८ डॉलरच्या आसपास, आणि ती अडीच वर्षांच्या मुलालाही लागते. पाच जण, तीन रात्री म्हणजे अडीचशे डॉलरच्या वर. कॉर्डेलियावरही सेवाशुल्क, बंदरशुल्क आणि जीएसटी भाड्यावर वेगळा असतो. नेहमीचं जेवण भाड्यात धरलेलं असतं; थंड पेयं, किनाऱ्यावरच्या सहली, वाय-फाय हे वेगळं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा. आणि जहाज सुटलं की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल फार मोठं येतं.

तुमच्या दृष्टीने कॉर्डेलियाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे गोव्याचं बंदर घाटाखालीच आहे. वेळापत्रकात गोव्याहून चढून मुंबईला उतरायची एकेरी फेरी असते का ते आधी बघा. असली तर खानापूरहून जांबोटी, चोर्ला घाट उतरून किंवा अनमोड घाटाने मुरगाव बंदर गाठा, मुंबईला उतरा आणि रात्रीच्या बसने किंवा मिरजेवरून येणाऱ्या गाडीने परत या. पासपोर्ट लागत नाही, आधारवर काम होतं. मुलांचीही ओळखपत्रं घ्या. जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणून घाटातून त्याच दिवशी निघणार असाल तर पहाटेच निघा. जमलं तर आदल्या रात्री वास्कोला मुक्काम करा.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो म्हणून हे जहाज जून ते सप्टेंबर चेन्नईकडे असतं. दसऱ्यापर्यंत ते आपल्या किनाऱ्याला आलेलं असतं, पण तारखा बघूनच ठरवा. तुमच्या घरी घट बसत असतील तर सासूबाई नवरात्रात दिवा सोडून येणार नाहीत. दसऱ्यानंतर शाळेची सुट्टी किती दिवस उरते ते विचारा आणि त्या दिवसांतली आठवड्याच्या मधली फेरी घ्या. शनिवार-रविवारपेक्षा ती बहुधा स्वस्त आणि कमी गर्दीची असते. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात ते लेखी घ्या. आपल्याकडे २०१९ला सुरू झालेली जलेश क्रूझेस २०२०ला बंदही पडली, तेव्हा सगळी रक्कम फार आधी भरून ठेवण्यात अर्थ नाही.

चोर्ला घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. खोली खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यभागी मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. मुलांचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारून निघायच्या आधीच घेऊन ठेवा. ते औषध, धाकट्याचे डायपर, दोघांचे पोहायचे कपडे आणि एकेक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीवर पोचायला दोन-चार तास सहज लागतात.

मुलांचे पासपोर्ट मात्र पुढच्या सिंगापूरसाठी आत्ताच काढायला टाका. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो, म्हणजे धाकटा क्लबाच्या वयाचा होईपर्यंत तो हाताशी तयार असेल. सिंगापूरचा व्हिसा काढताना तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना ते बघा, कारण जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच येतं. लेकीची उंची मोजलीत की इथेच कळवा, त्या वेळी कुठल्या जहाजावर तिला काय काय खेळता येईल ते मी बघून सांगेन.