मेमरिस्टरला 'स्मृतिरोधक' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की मेमरिस्टर (इलेक्ट्रॉनिक सर्किटमधला एक छोटा घटक) हा शब्द मेमरी आणि रेझिस्टर जोडून झालाय, रेझिस्टरला मराठीत रोधक म्हणतातच, मग सरळ स्मृतिरोधक का म्हणू नये?

मला विचाराल तर नकोच. जलरोधक, ध्वनिरोधक, अग्निरोधक हे शब्द कानात इतके पक्के बसलेत की स्मृतिरोधक म्हटलं की स्मृतीला अडवणारं काहीतरी असाच अर्थ लागणार, आणि ही वस्तू तर बरोब्बर उलटं काम करते! साध्या रोधकाचा रोध ठरलेला असतो, पण मेमरिस्टरमधून आधी किती चार्ज आणि कुठल्या दिशेने गेलाय त्यावर त्याचा रोध बदलतो आणि करंट बंद केला तरी तो तसाच टिकून राहतो. म्हणजे अडवली जाते ती वीज, आठवण नाही.

मेमरिस्टर हे नाव विद्युत अभियंते लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये दिलं, रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर या सर्किटच्या तीन मूळ घटकांच्या जोडीला चार्ज आणि चुंबकीय फ्लक्स यांचं नातं सांगणारा चौथा घटक असायला हवा असं त्यांचं म्हणणं होतं. २००८ मध्ये एचपी या कॉम्प्युटर कंपनीच्या लॅबमध्ये स्टॅन्ली विल्यम्स यांच्या टीमने टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिपातळ थरात तो सापडल्याचं जाहीर केलं, तो खरंच चुआ म्हणतात तोच का यावर मात्र बराच वाद झाला.

भविष्यातल्या कॉम्प्युटरच्या गप्पांत हा शब्द सारखा येतो कारण आज डेटा एकीकडे राहतो आणि हिशोब दुसरीकडे होतो, त्या ने-आणीतच भरपूर वेळ आणि वीज जाते. उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर एकेक मेमरिस्टर बसवला की ओहमच्या नियमाने गुणाकार (दिलेला व्होल्टेज गुणिले मेमरिस्टरची वाहकता म्हणजे करंट) आणि किरचॉफच्या नियमाने बेरीज (एका तारेत येणारे करंट एकत्र होतात) जागच्या जागी होते, आणि न्यूरल नेटवर्कचं, म्हणजे एआयमागच्या गणिती जाळ्याचं, बहुतेक काम म्हणजे हेच गुणाकार-बेरजा! अडचण एवढीच, की दोन मेमरिस्टर हुबेहूब सारखे वागत नाहीत आणि साठवलेला रोधही हळूहळू सरकू शकतो.

तेव्हा लेखात पहिल्यांदा 'मेमरिस्टर, म्हणजे स्मरणशील रोधक' असं लिहा आणि पुढे नुसतं मेमरिस्टर. तो पुल्लिंगीच, ट्रान्झिस्टरसारखा, एक मेमरिस्टर, दहा मेमरिस्टर, मेमरिस्टरचा, मेमरिस्टरमध्ये, कुठेच अडत नाही.